तीन दगडांची चूल

१. उचल मिळाली, मग विकास झाला का?

मानव विकास हा शब्द कानावर पडला की गावाकडचा माणूस एक साधा प्रश्न विचारतो. हातात पैसा आला की बाकीचं मागोमाग येतं, मग विकास मोजायला पैशाशिवाय आणखी काय लागतं? प्रश्न रास्त आहे. कोरडवाहू रानावर, आभाळाकडे बघत ज्यानं संसार केला त्याला पैशाची किंमत कुणी शिकवायला नको. म्हणून या प्रश्नाचं उत्तर आपण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या परिसरात उभं राहून शोधू.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या या पट्ट्यात ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊन उभ्या राहतात. ट्रॉली भरताना एकदा जवळून बघावी. तळाला ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम. त्यावर कोपी, म्हणजे झोपडी, उभारायला बांबू आणि ताडपत्री. मग भांडी, अंथरुणं, दाव्याला बांधलेली एखादी शेळी, आणि सगळ्यात वर पोरं. कोयते फडक्यात गुंडाळून बाजूला खोचलेले. म्हातारी माणसं आणि घराची किल्ली मागे राहते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटक. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, मुक्काम तिकडेच.

ऊसतोडीच्या या कामाची भाषा माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. नवरा-बायको मिळून होतो एक ‘कोयता’. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. म्हणजे हिशेबाच्या वहीत माणूस नसतो, जोडी असते. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा माणूस, जोडीला जी रक्कम देतो ती ‘उचल’. ती पुढे ऊस तोडून फेडायची. आठवड्याला किराणा-मिठासाठी मिळते ती ‘खर्ची’, तीही खात्यावर चढते. ज्या दिवशी काम बुडेल तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड बहुतेक टोळ्यांत वेगळा कापला जातो.

आता हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ मधल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. सोयीसाठी टनाला ३६६ रुपये धरू. समजा, एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावर वाहून गाडीत भरला. दोघांची मिळून कमाई झाली ७३२ रुपये. उचल एक लाखाची असेल तर ती फेडायला सुमारे १३७ दिवस लागले. हे एकही खाडा न होता आणि खर्चीचा एक पैसाही न धरता. मधे एक दिवस ताप आला, तर त्या दिवसाचे ७३२ गेले. दंड ५०० धरला तर एका तापाची किंमत झाली १,२३२ रुपये. औषधाचे पैसे अजून आलेच नाहीत.

उचलीचे एक लाख खरे आहेत. त्यातून कुणी पोरीचं लग्न केलं, कुणी बोअर घेतलं, कुणी सावकाराचं फेडलं. फक्त उत्पन्न मोजणाऱ्या वहीत हे घर यंदा पुढे सरकलेलं दिसेल. घर खरंच पुढे गेलं का, हे विचारायला दुसरी वही उघडावी लागते. तिलाच मानव विकासाची दृष्टी म्हणतात.

२. एकादशी आणि दुष्काळ

ही दुसरी वही उघडून देण्यात अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९३३ चा. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. पुढे १९८१ मध्ये त्या दुष्काळावर लिहिताना त्यांनी दाखवलं की बंगालात धान्य इतकं काही कमी पडलेलं नव्हतं. मजुरांकडे, कोळ्यांकडे, कारागिरांकडे ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. धान्य बाजारात होतं आणि माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता.

माणूस कुठपर्यंत पोचू शकतो, काय करू शकतो, काय बनू शकतो, याला सेन यांनी मध्यभागी ठेवलं. मराठीत याला ‘क्षमता’ म्हणतात. पण शब्द जरा फसवा आहे, कारण आपल्याला अंगातली ताकद किंवा हुशारी आठवते. इथे अर्थ आहे माणसासमोर खऱ्या अर्थानं उघड्या असलेल्या वाटा. सेन यांचंच एक उदाहरण आपल्या घरात आणून ठेवू. आषाढी एकादशीला आजी दिवसभर काही खात नाही. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, दाणे संपलेत आणि खर्ची चार दिवसांनी मिळणार आहे, म्हणून दुसरी एक बाईही काही खात नाही. दोघींच्या पोटात सारखंच काही नाही. पण आजीच्या घरात धान्याची कणगी आहे, तिनं न खाण्याची निवड केली आहे. दुसरीला निवडच नव्हती. पोटात किती गेलं एवढंच मोजणाऱ्याला दोघी सारख्या दिसतील.

महाराष्ट्राला ही गोष्ट पुस्तकाआधी अनुभवानं कळली होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली पिकं करपली. तरी बंगालसारखे मृत्यू झाले नाहीत, कारण लाखो माणसांना पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं, नाला बांधणं अशी कामं मिळाली आणि हाती मजुरी आली. त्या कामांवर मिळालेली सुकडी आजही म्हाताऱ्या माणसांना आठवते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. धान्याच्या पोत्यांइतकंच ते घेऊ शकणाऱ्या हातांकडे बघायचं, हे जगाला शिकवणाऱ्या उदाहरणांत आपला दुष्काळ आहे. मला याचा अभिमान वाटतो. आणि त्याच मराठवाड्यातून पन्नास वर्षांनंतरही ट्रॉल्या भरून माणसं जाताना बघून तितकाच त्रास होतो.

३. सायकल मिळाली, पण

क्षमता आणि वस्तू यांतला फरक सांगायला सेन सायकलीचं उदाहरण देतात. आपल्याकडे तर ही सायकल सरकारी योजनेतच आहे. मानव विकास कार्यक्रमात गावापासून लांब शाळा असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे मिळतात.

एका मुलीला सायकल मिळाली, इथवर वस्तू आली. आता ती शाळेत पोचण्यासाठी काय काय लागेल ते बघा. तिला सायकल चालवता यायला हवी. रस्ता पावसाळ्यात जाण्याजोगा हवा. पंक्चर झालं तर काढायला जवळ माणूस हवा. वाटेवर कुणी छेडणार नाही याची खात्री हवी, नाहीतर पहिल्याच तक्रारीला घरचे सायकल आत ठेवून देतात. पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी असलेला, कडी लागणारा संडास हवा. आणि सगळ्यात आधी, ती मुलगी नोव्हेंबरात गावात हवी. आईबापाबरोबर ती फडावर गेली, धाकट्या भावाला सांभाळायला किंवा कोपीवर भाकरी करायला, तर सायकल भिंतीला टेकून राहते आणि पाडव्यापर्यंत तिच्या टायरमधली हवा गेलेली असते.

वस्तूचं वाटेत रूपांतर होण्यासाठी मधे जे जे लागतं त्याला अभ्यासक ‘रूपांतराचे घटक’ म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. म्हणून योजनेचा हिशेब सायकली किती वाटल्या यावर थांबला तर तो अर्धाच होतो. त्या सायकलीवरून किती मुली बारावी झाल्या, हा पुढचा अर्धा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

४. तीन दगड

इथे वाचक विचारेल, हे सगळं मोजायचं कसं? हाच प्रश्न महबूब उल हक यांना पडला होता. ते पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ. साठच्या दशकात त्यांनी स्वतः देशाच्या योजना आखल्या, उत्पन्नाची वाढ चांगली झाली, आणि मग १९६८ मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की देशातल्या उद्योगांचा मोठा हिस्सा फक्त २२ घराण्यांच्या हातात गेला आहे. आपणच आखलेल्या वाटेबद्दल असं उभं राहून बोलायला धैर्य लागतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातून त्यांनी १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल काढला. सेन हे त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. माणसाचं आयुष्य एका आकड्यात कोंबायला सेन सुरुवातीला नाखूश होते. हक यांचं म्हणणं असं की राष्ट्रीय उत्पन्नाचा एकच आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय, त्याला हटवायचं तर तितकाच सुटसुटीत दुसरा आकडा हवा. सेन यांनी ते मान्य केलं. त्यातून जन्मला मानव विकास निर्देशांक.

त्याचे भाग तीन: आयुष्य किती लांब, शिक्षण किती, आणि नीट जगण्यापुरतं उत्पन्न किती. फडावर तीन दगड मांडून चूल करतात, तीच डोळ्यांपुढे आणा.

पहिला दगड आयुष्याचा. सरासरी आयुर्मान २० वर्षं म्हणजे शून्य गुण, ८५ म्हणजे पूर्ण एक. कुठे आयुर्मान ७२ असेल तर ७२ मधून २० वजा केले, उरले ५२. ८५ मधून २० वजा केले, ६५. ५२ भागिले ६५, गुण ०.८.

दुसरा शिक्षणाचा. यात दोन गोष्टी बघतात: मोठी माणसं सरासरी किती वर्षं शाळेत गेली, आणि आज शाळेत जाऊ लागलेलं पोर किती वर्षं शिकेल अशी अपेक्षा आहे. पहिल्याला १५ वर्षं पूर्ण धरतात, दुसऱ्याला १८. मोठी माणसं सरासरी ६ वर्षं शिकलेली, म्हणजे ०.४. मुलांची अपेक्षा १२ वर्षांची, म्हणजे साधारण ०.६७. दोन्हींची सरासरी ०.५३ च्या आसपास.

तिसरा उत्पन्नाचा, आणि त्यात एक शहाणपण आहे. उपाशी माणसाला पहिली भाकरी जीव देते, पाचवी समाधान देते, दहावी नुसती ताटात पडते. तसंच वाढत्या उत्पन्नातला प्रत्येक पुढचा रुपया इथे कमी कमी वजनाचा धरतात.

आता तीन दगड एकत्र कसे करायचे? २०१० पर्यंत साधी सरासरी काढत. तिची अडचण बघा. एका जागी गुण आहेत ०.९, ०.९ आणि ०.३. दुसऱ्या जागी ०.७, ०.७, ०.७. साधी सरासरी दोन्हीकडे ०.७. पण ज्या चुलीचा एक दगड बसका आहे तिच्यावर पातेलं कलतं, बाकीचे दोन कितीही उंच असले तरी. म्हणून २०१० पासून तिन्हींचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढतात. पहिल्या जागेचं उत्तर येतं सुमारे ०.६२, दुसरीचं ०.७ च राहतं. एका दगडाची कमतरता दुसऱ्यानं झाकता येऊ नये, ही यामागची भूमिका.

महाराष्ट्रानं आपला पहिला मानव विकास अहवाल २००२ मध्ये काढला, दुसरा २०१२ मध्ये. दुसऱ्या अहवालात २०११ साठी राज्याचा आकडा ०.७५२ आहे, मुंबईचा ०.८४१, नंदुरबारचा ०.६०४ आणि बीडचा ०.६७८. पहिल्या अहवालातल्या अशाच आकड्यांवरून २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू झालं, त्याचं मुख्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला ठेवलं, आणि २०११-१२ पासून ते १२५ तालुक्यांत पोचलं. मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटीच्या निळ्या बस, अभ्यासिका, गरोदर बायकांच्या तपासणीची शिबिरं त्यातूनच आली. त्यातली एक योजना मला विशेष आवडते, तिचं नाव ‘बुडीत मजुरी’. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर गरीब घरच्या बाईला पोटासाठी कामावर जावं लागू नये म्हणून तिला बुडणाऱ्या मजुरीची काही भरपाई द्यायची. जिच्या जगण्यात सुट्टी हा शब्द नाही तिची अडचण ओळखून कुणीतरी हे नाव ठेवलं असणार.

५. सरासरीत न मावणाऱ्या बायका

निर्देशांक म्हणजे सरासरी, आणि सरासरीत माणसं हरवतात. बीडमध्ये ती कशी हरवतात हे सांगायला तीन आकडे पुरे आहेत.

पहिला आकडा जनगणनेचा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यात कमी. त्याच दहा वर्षांत जिल्ह्यातलं साक्षरतेचं प्रमाण वाढलं, रस्ते झाले, दवाखाने झाले, म्हणजे निर्देशांकाचे दगड उंच होत होते. जी मुलगी जन्मूच दिली नाही ती कुठल्या आयुर्मानात, कुठल्या शाळेच्या पटावर, कुठल्या उत्पन्नात येणार? तिच्या नसण्याची नोंद या आकड्यात होत नाही. म्हणून या निर्देशांकाशेजारी स्त्री-पुरुषांतली विषमता मोजणारे वेगळे निर्देशांक ठेवावे लागले.

दुसरा आकडा लग्नाच्या वयाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं होतं. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के. याला नुसतं मागासलेपण म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. वयात आलेली पोर पाच-सहा महिने म्हाताऱ्यांच्या भरवशावर गावात ठेवायची आईबापाला धास्ती वाटते, आणि फडावरच्या कोपीला दार नसतं. तिकडे मुलाच्या घरी सून आली की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. घरच्यांची भीती आणि मुकादमाचा हिशेब दोन्ही एकाच दिशेला ढकलतात.

तिसरा आकडा सांगताना जड जातं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहांमध्ये एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी आहे हे लक्षात ठेवूनही अंतर डोळ्यांत भरतं.

आता पहिल्या भागातला १,२३२ रुपयांचा ताप आठवा. फडावर पाणी लांब, आडोसा नाही. पहाटे उठून स्वयंपाक, मग तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, गाडी रात्री आली तर रात्री. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जास्त जाणं, यांवर साधा इलाज वेळेत होत नाही. दुखणं वाढलं की खाडे वाढतात. गावी परतल्यावर डॉक्टरकडे गेली तर कॅन्सरची भीती कानावर पडते. दोन-तीन लेकरं झालेली असतात. पिशवी काढून टाकली की दर महिन्याची कटकट मिटेल, असं तिला वाटतं किंवा वाटायला लावलं जातं. तिनं सही केली, ऑपरेशनचे पैसे भरले, म्हणून कागदावर हा तिचा निर्णय ठरतो. पण तिच्यासमोर दुसरी कोणती वाट उघडी होती? एकादशीची आजी आणि फडावरची बाई यांतला फरक इथे शरीरावर कोरलेला दिसतो. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. नियम हवाच होता, मात्र फडावर पाणी, आडोसा आणि खाड्याविना एक दिवसाची विश्रांती त्यानं मिळत नाही.

६. योजना गावात, माणूस फडात

नांदूरघाटच्या परिसरातून निघालेली ट्रॉली आपल्याला एक अडचण दाखवते. आपल्या जवळपास सगळ्या योजना जागेला बांधलेल्या आहेत. शाळा गावची, अंगणवाडी गावची, आशाताई गावची, ग्रामसभा गावची. माणूस मात्र वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या रानात असतो आणि तिथल्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नसतं. गरोदर बाईचं इथलं कार्ड तिथल्या उपकेंद्राला माहीत नसतं. लेकराचा पोलिओ डोस कधी इथे चुकतो, कधी तिथे.

यावर काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या. पुढे विचार असा झाला की पोरांना तिकडे नेण्यापेक्षा गावातच ठेवू, म्हणून हंगामी वसतिगृहं आली. बीडमध्ये बऱ्याच ठिकाणी पोरं शाळेत दोन वेळ जेवतात आणि रात्री आजीआजोबांकडे झोपायला जातात. हे मला सगळ्यांत समंजस वाटतं, कारण त्यात पोराची शाळाही टिकते आणि घरही. पण त्यासाठी पैसे ट्रॉली निघण्याआधी यावे लागतात. ऑक्टोबरात जेवण सुरू नसेल तर आई पोराला कुणाच्या भरवशावर ठेवणार? ती त्याला उचलून ट्रॉलीत बसवते, आणि एकदा गेलेलं पोर डिसेंबरात मंजुरी आली म्हणून परत येत नाही. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. रेशनकार्ड आता दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं, म्हणजे निदान धान्य तरी माणसामागे जायला शिकलं आहे.

धान्याला जे जमलं ते शाळेच्या पटाला, लसीच्या नोंदीला, गरोदरपणाच्या तपासणीलाही जमवता येईल. त्यासाठी मोठ्या शोधाची गरज नाही, दसऱ्याआधी गावानं करायच्या एका यादीची आहे. कोण कोण जाणार, बरोबर किती पोरं, कितवीत, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं औषध चालू आहे, आणि कोणत्या कारखान्याला. ही यादी ज्या दिवशी ट्रॉली निघेल त्या दिवशी पुढच्या तालुक्याच्या शाळेला, आरोग्य केंद्राला आणि कारखान्याला पोचायला हवी.

मुकादम अशी यादी दरवर्षी करतोच. त्याच्या वहीत कोयता आहे, गाव आहे, कारखाना आहे, उचलीचा आकडा आहे आणि त्यासमोर अंगठा किंवा सही आहे. ट्रॉलीत सगळ्यात वर, अंथरुणावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीचं नाव त्या वहीत नाही. आणि नोव्हेंबर ते मार्च ती जिथे राहणार आहे, तिथल्या शाळेच्या हजेरीपटावरही बहुतेक नाही.